गळ्याला बसलेला मुका मार : पाहणं आणि ताडणं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की तुम्ही प्रमाणशास्त्र शिकवत होतात, मग या मालेत वैद्यकाचा इतिहास कशाला? आज जे सांगणार आहोत त्यातच उत्तर आहे, त्यामुळे वेगळं देत नाही.

आधी एक प्रसंग. बारा-तेरा वर्षं झाली असतील. आमच्या शेजारच्या इमारतीतली एक मुलगी, तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून चालली होती. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. भावानं लगेच गाडी थांबवली, ओढणी कापली. मुलगी उठून उभी राहिली. गळ्यावर एक लालसर वळ, बाकी काही नाही. रक्ताचा थेंब नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे छातीचा एक्स-रे काढला, 'नॉर्मल आहे' म्हणाले, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. आपल्याकडे याला 'मुका मार' म्हणतात. मार तर बसलाय, पण तो बोलत नाही.

रात्री नऊच्या सुमारास तिच्या वडिलांनी आमचं दार वाजवलं. तिचा आवाज बसला होता. आणि मान सुजली होती, पण ही सूज नेहमीची नव्हे. बोट दाबलं की आत काहीतरी चुरचुर वाजत होतं, भाजलेला पापड हलकेच दाबावा तसं. आम्ही तिला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे जे झालं ते पुढे सांगतो. आत्ता एवढंच लक्षात ठेवा, की कातडी शाबूत होती आणि कातडीखाली हवा होती. ती हवा तिथे आली कुठून, या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

माणसानं स्वतःच्या शरीरात डोकवायचं म्हटलं तर गळा ही सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत हट्टी जागा. तोंड उघडलं तर पडजीभ दिसते, पण त्यापुढे वाट काटकोनात खाली वळते. नजर सरळ जाते, वाट वळते. १८२९ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन बॅबिंग्टन नावाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहण्याचं एक उपकरण दाखवलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. चाललं ते एका गाण्याच्या मास्तरांचं.

मॅन्युएल गार्सिया. जन्म १८०५, स्पॅनिश घराणं, वडील नामांकित गायक, बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो युरोपभर गाजलेल्या गायिका. स्वतः गार्सिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गळा शिकवत. आता गळा शिकवणाऱ्या माणसाची अडचण बघा. सतारीची तार दिसते, तबल्याची पुडी दिसते. पण ज्या वाद्यावर हा माणूस आयुष्यभर शिष्य घडवत होता ते वाद्य त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. १८५४ च्या सप्टेंबरमध्ये ते पॅरिसला होते. पॅले रोयालच्या आवारात फिरताना खिडक्यांच्या तावदानांवरून उन्हाचा कवडसा उडताना दिसला आणि एकदम सुचलं, की दोन आरसे हवेत! एक घशात, एक ऊन वळवायला. शारिएर या उपकरणं करणाऱ्याकडे गेले, दातांच्या डॉक्टरांसाठी केलेला लांब दांड्याचा छोटा आरसा सहा फ्रँकला घेतला, गरम पाण्यात कोमट केला, म्हणजे श्वासाची वाफ धरणार नाही, आणि पडजिभेला लावला. दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. आणि स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप स्वतः पाहिली.

पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. डॉक्टर मंडळींना त्यात काय विशेष ते लगेच कळलं नाही. दोन-तीन वर्षांनी ट्यूर्क आणि चेरमाक या दोघांनी ते वैद्यकात आणलं, आणि आधी कोणी केलं यावरून दोघांत चांगलंच जुंपलं. गार्सिया मात्र शांतपणे शिकवत राहिले. १९०५ मध्ये त्यांची शंभरी लंडनमध्ये थाटात साजरी झाली तेव्हा सत्कार करायला गवयांइतकेच घशाचे डॉक्टरही आले होते.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत हे 'प्रत्यक्ष'. इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध आला, ज्ञान झालं. मधे आरसा आहे खरा, पण प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात आला. पुढे १८९५ मध्ये बर्लिनच्या किर्श्टाइन यांनी आरसा काढून टाकला, सरळ नळीसारख्या उपकरणानं स्वरयंत्र पाहिलं. १८९७ मध्ये जर्मनीतच किलियन यांनी त्या वाटेनं आणखी खाली जाऊन एका वयस्क माणसाच्या उजव्या श्वासनळीत अडकलेलं हाड बाहेर काढलं. हे शक्य झालं ते कोकेनच्या बधिरीकरणामुळे, नाहीतर घसा काही आत येऊ देत नाही. १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण आणली. आज आपण 'घशात दुर्बीण घातली' म्हणतो ती हीच परंपरा. गार्सियांच्या आरशाची ही थेट वंशावळ, आणि श्वासनलिका फाटली आहे की नाही याचा शेवटचा निवाडा बहुतेक वेळा आजही हीच परंपरा करते. हे लक्षात असू द्या, कारण दुसरी परंपरा इतकी दिमाखदार आहे की पहिलीचा विसर पडतो.

दुसरी परंपरा सुरू होते ८ नोव्हेंबर १८९५ ला, व्युर्त्सबुर्गला, राँटजेन यांच्या प्रयोगशाळेत. गंमत म्हणजे किर्श्टाइन आणि राँटजेन एकाच सालातले. डिसेंबरात राँटजेन यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, बोटांची हाडं आणि अंगठी. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देऊ. आपला मुद्दा वेगळा आहे. एक्स-रेमध्ये आपण वस्तू पाहत नाही, तिची सावली पाहतो. हाड किरणं अडवतं म्हणून पांढरं. हवा जवळजवळ काहीच अडवत नाही म्हणून काळी. श्वासनलिका म्हणजे काय, दहा-बारा सेंटिमीटरची हवेची वाट, पुढून घोड्याच्या नालेसारख्या कूर्चांच्या कमानी, मागून नुसता मऊ पडदा. एक्स-रेवर ती एक काळसर पट्टी दिसते. नळीची भिंत मात्र नीट दिसत नाही. आणि फाटते ती भिंत!

म्हणजे जे फाटतं ते दिसत नाही, आणि जे दिसतं ते फाटत नाही. मग निदान कसं करायचं? हवेच्या मागावर जाऊन. हवा जिथे असायला नको तिथे असेल, मानेच्या स्नायूंच्या थरांत, छातीच्या मध्यभागी हृदयाच्या कडेनं, तर ती कुठूनतरी निसटली आहे. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असं आपण म्हणतो, तसंच हे. हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे.

यातलं एक चिन्ह आम्हाला फार आवडतं. छातीत हवा शिरून फुप्फुस मिटलं तर ते सहसा आपल्या देठाकडे, म्हणजे मध्याकडे आक्रसतं. पण मुख्य श्वासनळीच पूर्ण तुटली असेल तर देठाचा आधार गेला. मग फुप्फुस मध्याकडे न जाता खाली, बाहेरच्या बाजूला पडतं, देठ तुटकं फळ फांदीच्या सालीला लोंबावं तसं. १९७० च्या सुमारास डॉक्टरांनी याला 'पडलेलं फुप्फुस' असं नाव दिलं. थोड्याच रुग्णांत दिसतं, पण दिसलं तर बोलकं असतं. तसंच दुसरं, मानेतलं कंठास्थी नावाचं छोटं हाड नेहमीपेक्षा वर सरकलेलं दिसलं, मानेच्या तिसऱ्या मणक्याच्याही वर, तर खाली श्वासनलिका तुटून त्याला धरून ठेवणारं काही उरलं नाही अशी शंका घ्यावी. हाड शाबूतच असतं. ते फक्त जागा सोडून आपल्याला सांगतं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हे सगळं शोधायची गरज वाटायला रुग्ण जिवंत राहावा लागतो. मोठी श्वासनळी फाटली की माणूस जातोच, असा वैद्यकाचा बराच काळ समज होता. असा रुग्ण वाचल्याची वैद्यकीय वाङ्मयातली पहिली नोंद १९२७ ची मानली जाते. आणि त्याआधी? त्याआधी, १८७० च्या सुमारास, एका शिकाऱ्यानं मारलेल्या बदकात जुनी, भरून आलेली अशी जखम सापडल्याची नोंद आहे. म्हणजे बदक वाचू शकतं हे कळायला आणि माणूस वाचू शकतो हे कळायला अर्धं शतक मधे गेलं! तोवर हे निदान शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत असे.

मग मोटारगाडी आली. त्याच १९२७ सालात, १४ सप्टेंबरला, फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तिका इझाडोरा डंकन उघड्या गाडीतून निघाल्या आणि त्यांचा लांब रेशमी रुमाल चाकात गुंतला. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. अशा दुखापतींना वैद्यकात त्यांचं नावही दिलेलं आहे. आमच्या शेजारची ती मुलगी आणि इझाडोरा डंकन, दोघींमध्ये काळ आणि देश यांचं अंतर आहे, पण चाक तेच. आपल्याकडे ओढणी, पदर, उपरणं, मळणीयंत्र, उसाचा चरक, या जोड्या ग्रामीण डॉक्टरांना विचारा.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, वेग वाढला. गाडी थांबते, माणूस पुढे जातो, मान उंचावलेली असते आणि गळा नेमका समोरच्या फळीवर आपटतो. ती फळी मऊ केली तरी गळा वाचेना. १९६८ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी या दुखापतीचं नावच 'गादी लावलेल्या डॅशबोर्डचा विकार' असं ठेवलं. नावात केवढा उपरोध आहे! १९७० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं पट्टा बांधण्याची सक्ती केली, मग इतरांनी. कुठल्याही यंत्रापेक्षा त्या पट्ट्यानं जास्त गळे वाचवले असं आमचं मत आहे, पण पट्ट्याला नोबेल मिळत नाही.

नोबेल मिळालं ते सीटी स्कॅनला, १९७९ मध्ये. गॉडफ्रे हाउन्सफील्ड, ईएमआय या कंपनीतले अभियंते. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचं, एका बाईंच्या डोक्याचं चित्र घेतलं. दुसरे मानकरी अ‍ॅलन कॉरमॅक, ज्यांनी गणित १९६३-६४ मध्येच छापलं होतं आणि ज्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. सुरुवातीच्या यंत्राला एकेक काप घ्यायला चार-पाच मिनिटं लागत. डोकं स्थिर ठेवता येतं. पण गळा? श्वास घेणारा, गिळणारा, घाबरलेला माणूस पाच मिनिटं गळा हलवल्याशिवाय राहील कसा? म्हणून गळ्याच्या दुखापतीला खरा उपयोग व्हायला यंत्र झपाट्यानं फिरावं लागलं. १९८९ च्या सुमारास सर्पिल पद्धत आली, १९९० चं दशक संपता संपता एका फेरीत अनेक काप घेणारी यंत्रं आली, आणि मान आणि छाती काही सेकंदांत चित्रित होऊ लागली.

हाउन्सफील्ड यांच्या मोजपट्टीत पाणी शून्य आणि हवा उणे १०००. हवेचा आकडा इतका टोकाचा, की तिचा बुडबुडाही लपत नाही. आता श्वासनलिकेची भिंतही दिसू लागली, स्वरयंत्राच्या कूर्चेतली भेगही. पण इथेही मेख आहे. तरुण माणसात कूर्चा हाडासारखी झालेली नसते, त्यामुळे तिची भेग सहज निसटते. उतारवयात ती टणक होते आणि छान दिसते. म्हणजे ज्यांचे अपघात जास्त त्यांचाच गळा वाचायला अवघड. आमच्या वयाच्या लोकांची चित्रं मात्र सुरेख येतात!

आता थोडं आमच्या विषयाकडे येऊ. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानावर एक जुना आक्षेप आहे. नदीला पूर आलेला पाहून आपण म्हणतो, वर पाऊस पडला. प्रतिपक्षी म्हणतो, कशावरून? पुढे कोणी बांध घातला असेल तरीही पाणी चढेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार? त्यांचं वारूळ कोणी मोडलं असेल. मोर ओरडला? माणसानंही मोराचा आवाज काढला असेल. चिन्ह तेच, कारणं अनेक. मग अनुमान हे प्रमाण कसं?

१९३९ पासून पुढे कॅनडातल्या चार्ल्स मॅकलिन यांनी, आणि १९४४ च्या मोठ्या लेखात पत्नी मॅज यांच्यासह, नेमका हाच आक्षेप वैद्यकात उभा केला. अर्थात त्यांनी न्यायसूत्रं वाचली असतील असं नव्हे, मांजरांवर प्रयोग केले. त्यांनी दाखवलं, की छातीच्या मध्यभागी हवा आली म्हणजे मोठी नळी फाटलीच असं नाही. फुप्फुसातल्या अगदी बारीक वायुकोशांच्या भिंती फुटल्या तर ती हवा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं, आवरणाच्या आतून सरपटत मध्यापर्यंत येते आणि तिथून मानेत चढते. छातीला मुका मार बसलेल्या रुग्णांत तर ही वाटच जास्त वेळा असते. नळी फाटणं त्यामानानं विरळा. हवा दिसली की छाती उघडा, असं करत गेलो तर कितीतरी लोकांना विनाकारण चाकूखाली न्यावं लागेल. आणि हवा काय, मॅकलिनचीच असेल, म्हणून सोडून दिलं तर एखादा माणूस रात्रीतून गुदमरेल.

सूत्रकारांचं उत्तर असं, की चुकलं ते अनुमान नव्हे, चिन्ह नीट पाहिलं नाही. आणि भाष्यकार ते उलगडून सांगतात, की पावसाचा पूर आणि बांधाचं पाणी सारखं नसतं. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात पानं, फळं, लाकडं वाहत येतात. हे वाचून आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवलं आणि आम्हाला स्वतःला ते पटलं क्ष-किरण विभागाच्या बाहेरच्या बाकावर. स्कॅन वाचणारा डॉक्टर हेच करतो. हवा आहे एवढ्यावर थांबत नाही. ती वायुकोशांच्या बाजूनं रक्तवाहिन्यांना चिकटून आली आहे का? की नळीच्या कडेलाच गोळा झाली आहे? भिंतीत खंड दिसतो का? श्वासासाठी घातलेल्या नळीचा फुगा नेहमीच्या मर्यादेबाहेर फुगून आलाय का? छातीत नळी घालून हवा काढली तरी फुप्फुस उघडत नाही का? छातीवर मार असेल तर बहुतेक फाटी जिथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथून अडीच सेंटिमीटरच्या आत असतात, तिथे नीट पाहिलं का? आणि एवढं करूनही संशय राहिला तर गार्सियांकडे परत, म्हणजे दुर्बीण आत.

आता ती रात्र. मोठ्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी मुलीच्या मानेवर बोटं ठेवली, तिला नाव विचारलं, तिनं कुजबुजत सांगितलं. श्वास घेताना बारीक शिटीसारखा आवाज येत होता. डॉक्टर म्हणाल्या, आधी गळ्याला खालून छिद्र पाडून नळी घालू, स्कॅन नंतर. वडील हादरले. "मॅडम, आधी फोटो तर काढा, काय झालंय ते तरी कळू दे!" आणि आम्हीही त्यांचीच री ओढली. आम्ही म्हणालो, निदान होण्याआधी उपचार कसा? अगदी वर्गात बोलावं तसं बोललो.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, ती आत्ता बसून श्वास घेतेय. स्कॅनसाठी तिला सपाट झोपवावं लागेल. झोपवल्यावर श्वास अडला तर त्या खोलीत माझ्या हातात काही नसेल. चित्र फार छान येईल." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही.

वडिलांनी सही केली. मुलगी जागी असताना, फक्त जागा बधिर करून, तिच्या गळ्यात नळी घातली गेली. मग स्कॅन झालं. घाटीची ढालीसारखी कूर्चा मधोमध चिरलेली होती, आणि खालच्या अंगठीसारख्या कूर्चेपासून श्वासनलिका एका बाजूनं सुटलेली होती. दुसऱ्या दिवशी ती शिवली. त्या डॉक्टरांनी नंतर आम्हाला पहिल्या दवाखान्यातला तो 'नॉर्मल' एक्स-रेही उजेडावर धरून दाखवला. छाती स्वच्छच होती. पण फिल्मच्या अगदी वरच्या कडेला, मानेचा जो थोडा भाग आला होता, तिथे बारीक काळ्या रेघा होत्या, पिंजलेल्या कापसासारख्या. दाखवल्यावर आम्हालाही दिसल्या. छातीचा फोटो मागितला होता, म्हणून छातीच पाहिली गेली.

प्रश्न आधी की पाहणं आधी, यावर आमच्याकडे भरपूर ग्रंथ आहेत, पण त्या काळ्या रेघांइतकं स्पष्ट उदाहरण आम्हाला त्यांत सापडलेलं नाही.

जानेवारी जवळ येतोय म्हणून एक शेवटचं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी दर संक्रांतीला दुचाकीवरच्या कोणा ना कोणाचा गळा कापल्याची बातमी येतेच. ती जखम उघडी असते, दिसते, लोक धावतात. ओढणी, दोरी, गाडीचं हँडल यांचा मार मुका असतो. गळ्याला काही लागल्यावर आवाज बदलला, मान फुगली, बोटाखाली चुरचुर लागली, तर वळ केवढा आहे ते पाहत बसू नका. रुग्णाला झोपवू नका, बसवूनच न्या, आणि गळ्याला लागलंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

ती मुलगी आता एका शाळेत मराठी शिकवते. आवाज थोडा घोगरा राहिला आहे. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "सर, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जात नाही म्हणून पोरं आपणहून पुढे येऊन बसतात." प्रश्न असतील तर घेऊया.